सर एम्रिसचा पॉज

रंगीत तालमीत सर एम्रिस पेनहेल नाटकाचं शेवटचं वाक्य म्हणून गेले आणि रंगमंचावरची सगळी मंडळी वळून त्यांच्याकडे बघायला लागली. पहिल्या प्रयोगाआधी ते वाक्य उच्चारलं की नाटक पडतं, हे लंडनच्या नाटकवाल्यांत शेंबड्या पोरालाही ठाऊक. आणि चूक कुणी करावी? साठ वर्षं रंगभूमी आणि पडदा गाजवलेल्या, याच चुकीपायी दोन नवख्या नट्यांना रडवलेल्या म्हाताऱ्यानं!

"सापडलात बरं का, सर!" दिग्दर्शक फिन्ली ओरडला. "चला, बाहेर व्हा. तीन गिरक्या घ्यायच्या, दार वाजवायचं आणि 'आत येऊ का' म्हणून विचारायचं. अपशकुन असाच उतरवायचा, नियम म्हणजे नियम."

"तू जन्मायच्या आधीपासून पाळतोय तो, गाढवा," असं म्हणून एम्रिस रुबाबात मागच्या दारानं गल्लीत गेले. मंडळी हसत दारापाशी जमली.

विंगेत संहिता घेऊन बसलेली मर्टल तेवढी हसली नाही. तीस वर्षं ती त्यांची प्रॉम्प्टर. गेला महिनाभर दर चौथं वाक्य ती त्यांना नुसते ओठ हलवून पुरवत होती, आणि कुणाला सुगावा लागू देत नव्हती. उद्या पहिला प्रयोग. रंगमंच सुटला तर हा माणूस जगायचा नाही, हे तिला पक्कं माहीत होतं.

दार वाजलं. मग काहीच नाही.

"पॉज बघा, पॉज!" फिन्ली कुजबुजला. "असा पॉज अख्ख्या देशात कुणी घेत नाही." मंडळी श्वास रोखून उभी राहिली.

पॉज कसला आलाय? मर्टलनं ओळखलं. त्यांना तीन शब्द आठवत नव्हते. आणि इथून तिचे ओठ त्यांना दिसणार नव्हते. ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली, दाराच्या फटीला तोंड लावून हलकेच म्हणाली, "आत येऊ का?"

"या ना बाई, या," बाहेरून सर एम्रिस अगत्यानं म्हणाले. "बसा. कोण हवंय आपल्याला?"

आत हशा उसळला, टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या टाळ्या पूर्ण संपेपर्यंत मर्टलनं कुणाला दार उघडू दिलं नाही.