ढिला नट

सरळ पट्ट्यावरच्या ड्रॅग रेससाठी धाकट्या भावाने घरीच बनवलेल्या गाडीचं मागचं सस्पेन्शन बदलून झालं, आता नवे ब्रेक बसवायचे होते. गेल्या वेळी ताई चालवत होती. शर्यत संपली तरी गाडी थांबलीच नाही, वाळूच्या ढिगात घुसली. “पेडल पार खाली गेलं रे,” ती सांगत राहिली. “ताई घाबरली, ब्रेक दाबायलाच विसरली,” त्याने सगळीकडे हसत सांगितलं. आज त्याने पुढचं चाक काढलं, तर ब्रेकच्या नळीचा नट नुसत्या बोटांनी फिरला. तिथूनच सगळं तेल गळून गेलं होतं. शेजारी उभ्या ताईनेही ते पाहिलं. “ताई, मी...” “मला नको सांगूस,” ती म्हणाली. तेवढ्यात आलेल्या मित्राने दारातूनच विचारलं, “या वेळी तरी ताई ब्रेक दाबणार ना?” “तिने दाबला होता,” तो म्हणाला. “नट मीच आवळला नव्हता.” ताईकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही.