एका अंड्याचा तवा

शिवणकाम करणाऱ्या मावशींनी आदल्या दिवशी नेलेला काळा नॉनस्टिक तवा पिशवीतून काढून परत काउंटरवर ठेवला. "हा नको. गॅसवर विसरला, तर याच्या धुरानं घरातला पोपट दगावतो म्हणे. पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सिरॅमिकचा घ्यायला सांगितलंय." दुकानदारानं फळीवरून पांढरे, निळे दोन-तीन तवे उतरवले. उसवलेली शिवण शोधावी तसं मावशींनी त्यांच्या कडांवरून बोट फिरवलं. "आणि हा विसरला तर? हल्ली माझं लक्ष राहत नाही." "यात तो घातक लेपच नाही, मावशी. तरी आच मंद ठेवा, खिडकी उघडी ठेवा. नाहीतर सरळ पिंजरा बाहेर गॅलरीत टांगा, कटकटच मिटली!" "नाही हो. तो मला स्वयंपाकघरातच हवा." "बरं, मग तवा तरी मोठा न्या. पाहुणेरावळे येतात-जातात." "कोण येतंय!" म्हणत मावशींनी सगळ्यांत लहान, जेमतेम एका अंड्याचा तवा उचलला. तो कागदात गुंडाळताना दुकानदार हसला. "पोपटाचे भलतेच लाड आहेत बुवा! बोलतो तरी का?" "बोलतो ना. आमच्या ह्यांनी शिकवलं त्याला. हे गेले, पण त्याच्या तोंडी आवाज अजून ह्यांचाच आहे." दुकानदारानं पुडकं पुढे केलं. "काय बोलतो?" मावशींनी तवा पिशवीत सरकवला. "मी ओट्याशी उभी राहिले की विचारतात, 'जेवलीस का गं?' आणि त्यांच्याशी खोटं बोलवत नाही मला."