उलटे आटे

"पायडलं काढावी लागतील," काउंटरवरचा माणूस म्हणाला. म्हणाला तेही मास्तरांकडे बघून.

सायकलच्या पेटीवर हात ठेवून उभी होती ती मास्तरांची बायको. सायकलही तिचीच. तीस वर्षं सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या या बाईला अख्खा बाजार मिस्त्रीण म्हणायचा. परदेशात आठ दिवस सायकलवर भटकायचं, म्हणून नवरा-बायको सकाळी सहाला घराबाहेर पडली होती. सात तास बस, मग पेटी टपावर घ्यायची की नाही यावरून टॅक्सीवाल्याशी हुज्जत, मग ही विमानतळावरची मारुतीच्या शेपटासारखी रांग. आणि आता हे.

"मी दोनदा फोन करून विचारलंय," मिस्त्रीण म्हणाली. "दोन्ही वेळा सांगितलं, पायडलं राहू द्या."

"फोनवरचे लोक वेगळे, आम्ही वेगळे. पेटी फुगलीय, साहेब. वीस मिनिटांत काउंटर बंद होईल."

पुन्हा साहेब! मिस्त्रिणीने पेटी उघडली, सायकल बाहेर घेतली. उजवं पायडल अर्ध्या मिनिटात हातात आलं. मग तिने डाव्याला पाना लावला आणि घट्ट करायला फिरवतात तसा फिरवायला घेतला.

"अगं, उलटं फिरवतेयस!" मास्तर ओरडले.

"डाव्या पायडलला उलटे आटे असतात."

"असं कुठे असतं का? आटे ते आटे."

मास्तरांनी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि जन्मभर त्या दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहिले होते. खाली उतरून कधी पायडल बघितलं असेल तर शपथ.

एवढ्यात सामान चढवणारा एक आडदांड गडी पुढे आला. "सरका काकू. जोर लागतो त्याला."

"जोर नाही, अक्कल लागते," मिस्त्रीण म्हणाली. पण मास्तरांनी तिच्या हातातला पाना काढून घेतला आणि त्याला दिला.

"करू दे ना त्यांना. वेळ जातोय."

गड्याने सगळ्या दुनियेतले नट ढिले होतात त्या बाजूला पाना दाबला. एकदा, दोनदा, दात-ओठ खाऊन तिसऱ्यांदा. पायडल जे बसलं ते जाम बसलं.

"गंजलंय," असं सांगून तो हात झटकत निघून गेला. गंजलंय म्हणे! परवाच तिने त्याला ग्रीस लावलं होतं.

काउंटरवाल्याने घड्याळ बघितलं. "सायकल इथेच ठेवा, साहेब. तिकडे भाड्याने मिळतात."

"हो की," मास्तर म्हणाले. "भाड्याची घेऊ."

मिस्त्रिणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिचा डावा पाय दोन बोटं आखूड. म्हणून त्या बाजूच्या पायडलवर तिने स्वतःच्या हाताने रबराचा ठोकळा बसवला होता. ही सायकल मागे राहिली तर तिची सहल इथेच संपली. काउंटरवाल्याला हे ठाऊक नसणार, त्याचा काय दोष? पण मास्तरांना?

"भाड्याच्या सायकलवर माझा पाय कुठवर पोचतो, सांगा ना यांना," ती म्हणाली.

मास्तर छताकडे बघत राहिले.

तिने पाना पुन्हा लावला. उजव्या पायडलचा रिकामा दांडा मास्तरांना घट्ट धरायला लावला, "हलू देऊ नका, एवढं तरी करा," म्हणाली, आणि पान्यावर पाय देऊन सगळं अंग टाकलं. तिला बरोबर वाटत होतं त्याच बाजूला. कट्ट झालं. पुढचे आटे तिने बोटांनीच सोडवले.

चुकलो, असं कोणी म्हणालं नाही. शाब्बास तर नाहीच नाही. तिने पायडलं फडक्यात गुंडाळली, पाना पेटीत टाकला आणि चिकटपट्टी ओढली.

काउंटरवाल्याचा हात यंत्रावर गेला. "साहेब, सायकल तुमच्याच नावावर टाकतो."

मास्तरांनी मान डोलावली. सवयीने.

"थांबा!" मिस्त्रिणीचा आवाज मागच्या दोन रांगांपर्यंत गेला. "सायकल माझ्या नावावर. चालवणार मी आहे. हे तर आठही दिवस मागून सामानाच्या गाडीतून येणार आहेत. यांचीही सामानाची चिठ्ठी वेगळी काढा, वजन करून."

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मास्तर वजनाच्या पट्ट्यापासून दोन पावलं मागे सरकले.