पेन्सिलीचा निकाल

मृणालीने चिठ्ठीवरचं ‘निर्दोष’ खोडरबराने पुसलं आणि त्याच जागी, सगुणाताईंसारखं गोल अक्षर काढत, ‘गोचीडताप’ असं लिहिलं. मग स्लाइड जागेवर ठेवून तिने दिवा मालवला.

मिरजोळ्याच्या रस्त्यावरच्या या जनावरांच्या लॅबची रीत जुनी होती. स्लाइड पाहणाऱ्याने निकाल आधी पेन्सिलीने लिहायचा, मधे एक रात्र जाऊ द्यायची, आणि सकाळी त्यावर शाई फिरवायची. त्यानंतर सरांची सही. रीत सगुणाताईंनीच घातलेली. स्टोव्हवर पाणी उकळून सुया धुतल्या जायच्या, गुरांचं रक्त बर्फाच्या डब्यातून एसटीने यायचं, तेव्हापासून त्या इथल्या मायक्रोस्कोपपाशी बसत आल्या होत्या. आता मार्चअखेर निवृत्त होणार होत्या.

आणि त्यांची नजर गेली होती. हे फक्त मृणालीला ठाऊक होतं.

गणपतीच्या सुटीनंतर संगमेश्वरहून एका गाईचं रक्त आलं होतं. गाय तापाने फणफणलेली, आणि ताईंनी लिहिलेलं ‘निर्दोष’. मृणालीने सहज स्लाइड लावून पाहिली, तर रक्तपेशींत जंतू ठसठशीत दिसत होते. ती घाबरली. सांगावं तरी कोणाला? रक्ताचा थेंब काचेवर कसा पसरायचा, हे हाताला धरून तिला ताईंनीच शिकवलं होतं. तिने गुपचूप खोडलं नि दुरुस्त केलं. तेव्हापासून संध्याकाळी सगळे गेले की ती ताईंच्या स्लाइड पुन्हा बघायची. आठवड्यातून एखादी चुकलेली निघायचीच. सकाळी ताई त्या चिठ्ठीवर मुकाट्याने शाई फिरवत.

मावसबहिणीच्या लग्नाला ती देवरुखला गेली, तेव्हा मांडवातही तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. परत आल्याआल्या तिने मधल्या दिवसांच्या स्लाइड काढून पाहिल्या. एकही चूक नव्हती. देवानेच सांभाळलं म्हणत तिने हात जोडले.

दुपारच्या सुटीत ताई सुरंगीच्या फुलांचा वळेसर ओवत बसत. सुईत दोरा पहिल्या झटक्यात जाई. इतक्या वर्षांची हाताची सवय, असं मृणालीला वाटे.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फळ्यावर दोन बातम्या लागल्या. एक सगुणाताईंच्या निरोपसमारंभाची. दुसरी, पुण्याहून येणाऱ्या दीपाली मॅडमच्या उजळणी वर्गाची, आणि वर्ग संपल्यावर सगळ्यांच्या परीक्षेची. मृणालीचं कंत्राटही मार्चलाच संपत होतं. ताईंचं टेबल कोणाला द्यायचं ते लवकरच ठरेल, असं लॅबचे प्रमुख सुहास सर बोलले होते. मृणालीला टेबलापेक्षा ताईंचीच काळजी. सगळा जन्म जिथे गेला, तिथून निघताना चारचौघांत नापास होणार त्या. पुढे रस्त्यात कोणी भेटलं तरी मान वर करता यायची नाही.

आदल्या दिवशी तिने ताईंना बाजूला घेतलं. दाढ दुखते म्हणून घरी थांबा, असं सुचवून पाहिलं.

“बत्तिशी शाबूत आहे गो माझी,” ताई हसल्या. “बसू दे मला. तू शेजारी बस, म्हणजे झालं.”

परीक्षेला ताई प्रत्येक स्लाइडला डोळा लावत होत्या, सावकाश, रोजच्यासारख्या. पण त्यांचा कागद कोराच राहिला. पेनाचं टोपणही त्यांनी काढलं नाही. मृणालीने आपलं आटपलं. वेळ संपत आली. मॅडम खिडकीकडे वळल्या, तसा तिने ताईंचा कागद ओढला आणि भराभर, गोल अक्षरात, सगळी उत्तरं उतरवली. मृणालीने मान वर केली, तर मॅडम समोर उभ्या.

सरांच्या खोलीत ताईंना खुर्ची मिळाली. मृणाली उभीच राहिली. आईला घरी काय सांगायचं, ते ती मनात जुळवत होती.

सरांनी दोन्ही कागद पुढ्यात ठेवले. “दोन्ही बरोबर आहेत,” ते म्हणाले. “आणि दोन्ही तूच लिहिलेत.”

“हो सर. चूक माझी. ताईंना त्यातलं काही माहीत नव्हतं. मला काढून टाका, पण त्यांना काही बोलू नका. आता दोनच दिवस उरलेत त्यांचे.”

“पण ताईंचा का लिहिलास?”

ताईंच्या नजरेचं काही मृणालीच्या तोंडून निघेना.

सरांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी पदराने डोळे टिपले.

“टेबल हिलाच द्या, सर. परीक्षा हिची होती, माझा कागद मी कोराच ठेवला. गणपतीपासून मी मुद्दाम चुकीच्या लिहिलेल्या सगळ्या स्लाइड हिने पकडल्या. फक्त सोमवारची एक शेळी सुटली, ती सकाळी शाई फिरवताना मी बरोबर केली.”