सासूबाईंची कवळी

जेवण झालं की सासूबाईंची कवळी काढून घ्यायची, ब्रशने घासायची आणि पाण्याच्या वाटीत ठेवायची, हे तिचं रोजचं काम. स्वतःची दाढदुखी मात्र ती महिनाभर अंगावर काढत होती.

"दाखवून ये की एकदा," नवरा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला.

"आणि आईंजवळ कोण बसेल?"

त्याचा अंगठा मोबाइलवर सरकत राहिला.

हल्ली तीही सासूबाईंसारखंच सगळं कुस्करून, मऊ करून खायची. व्हिडिओ कॉलवर ते पाहून नणंदेला भरून आलं. "वहिनी, आईसाठी तूसुद्धा असंच जेवतेस? धन्य आहे गं तुझी!"

ती अर्ध्याच तोंडाने हसली.

सासूबाईंना आता घरातलं कोणीच ओळखू येत नव्हतं. रोज सकाळी त्या तिला विचारायच्या, "तू कोणाची गं?"

आज जेवण झाल्यावर तिने वाटी पुढे केली, तर त्या कवळी वाटीत टाकेनात. गळ्यातल्या नॅपकिनला नीट पुसून त्यांनी ती तिच्याच हातावर ठेवली.

"घे बाई, तू घाल आणि पोटभर जेव. कधीची बघतेय मी, तुला चावताच येत नाही."