समोरच्याची बारी

सत्यवानबुवाने पेटी पुढे ओढली आणि मांडवातली अर्धी माणसं उठली.

उठणारी सगळी तुळसाच्या वाडीतली. भजनाच्या डबलबारीत दोन बुवा समोरासमोर बसतात. एकाने गायचं, दुसऱ्याने गाऊनच त्याला उत्तर द्यायचं. आपल्या बुवाचं गाणं झालं की आपल्या माणसांनी उठायचं, हे वाडीत ठरलेलं. समोरच्याचं ऐकणं म्हणजे फितुरी. आताच ओमकार गाऊन थांबला होता. ओमकार म्हणजे तुळसाचा मुलगा, चोवीस वर्षांचा, सत्यवानबुवासमोर आज पहिल्यांदा बसलेला.

"ऊठ गो तुळसा," हौसाबाई म्हणाली. "चाय पिऊन येवया."

"खंय उठतंय? पाय बघ."

पावलापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर. रिक्षातून आणून दोघांनी तिला खुर्चीत ठेवलेलं.

"मगे कान तरी झाक," हौसाबाई म्हणाली, आणि बायकांना घेऊन टपरीकडे गेली.

तुळसा राहिली.

(बावीस वर्षं महादू या माणसासमोर बसला. महादू म्हणजे तिचा नवरा, वाडीचा बुवा. सत्यवानबुवाने पहिला सूर लावायच्या आत उठणारी पहिली बाई तुळसा. पदर खोचायची, बायकांना डोळ्याने खुणावायची आणि चालू लागायची. बावीस वर्षांत तिने त्याचा एक अभंग ऐकला नव्हता.)

लाऊडस्पीकर दहाला बंद करावा लागतो, म्हणून बाऱ्या आता दुपारी चारलाच सुरू होतात. उन्हाचा एक पट्टा सरळ सत्यवानबुवावर पडला होता. म्हातारा झाला होता. पुढचे दोन दात नव्हते. हाच तो, असं तुळसाने स्वतःला बजावलं.

(आठ वर्षांपूर्वी, शेवटच्या बारीत, तो भर मांडवात म्हणाला होता, "महादूबुवा, आता पेटी झिलाकडे देवा." तुझं संपलं, आता पोराला बसव, असा टोमणा. लोक हसले. महादूही हसला म्हणे. चार दिवसांनी तो बागेतल्या विहिरीत सापडला. पाय घसरला, असं वाडीने सांगितलं. पोलिसांनी तसं लिहिलं. कोणामुळे घसरला ते तुळसाने मनात लिहिलं.)

म्हणून तिने ओमकारला पेटीवर बसवलं. आठ वर्षं, रोज पहाटे. पोराला झोप आवरली नाही तर तोंडावर पाणी मारलं. आज निघताना तो पाया पडला तेव्हा प्लास्टरवरच त्याचं डोकं टेकलं. ती म्हणाली, "आज तेका गप करून ये."

आता ती टोमण्याची वाट बघत होती. बापावरून काहीतरी बोलेल. विहिरीवरून. बोलू दे. पोर पेटून उठेल.

सत्यवानबुवाने टोमणा मारला नाही. त्याने गौळण घेतली. यमुनेवर निघालेल्या गवळणीला कुणीतरी मागून थांब म्हणतं, एवढीच. पण तो त्या 'थांब'पाशी आला आणि त्याने पेटीवरचा हात काढला. पखवाज थांबला. एकटा आवाज राहिला, दातांच्या फटीतून थोडा वारा निसटणारा. थांब. पुन्हा थांब. एकदा लाडाने, एकदा रागाने, एकदा असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, जाणारी थांबणार नाही हे म्हणणाऱ्याला ठाऊक आहे.

तुळसाने खाली बघितलं. प्लास्टरमधून बाहेर आलेली बोटं ताल धरत होती.

तिने त्यांच्यावर साडी ओढली. साडीखाली ती हलतच राहिली.

मग तिने ओमकारकडे बघितलं. सगळी वाडी उठली तरी समोरच्या बुवाला उठता येत नाही. ऐकल्याशिवाय उत्तर कसं देणार? ओमकार मांडी घालून बसला होता, हात बंद पेटीवर, तोंड अर्धवट उघडं. हा चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. महादूचाही असा होत असेल. तिला काय माहीत. ती तेव्हा चहा पीत असायची.

गजर झाला. पहिली फेरी संपली. ओमकार खाली उतरला, घामाने निथळत तिच्या खुर्चीशी उकिडवा बसला.

"आये, आज तरी आयकलंस मां?"

"आयकलंय."

"कसो गायलो तो? खरा सांग."

(बारीवरून आला की महादू पाय न धुताच ओट्यावर बसायचा. "कसो गायलो गो तो?" "तो? तुमच्या पायाकडे बसाची लायकी नाय तेची." तो तिच्याकडे बघत राहायचा. शेवटच्या वेळी म्हणाला, "एकदा बसान आयक तेका. मगे सांग." "माका काय गरज?" ती म्हणाली, आणि भात वाढायला उठली.)

तेच उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. बावीस वर्षांची सवय. टपरीकडून हौसाबाईचं हसणं ऐकू येत होतं.

"बरो गायलो," तुळसा म्हणाली. "तुझ्यापेक्षा बरो. तुझ्या बापाशीपेक्षाय बरो."

ओमकारने श्वास सोडला. खांदे खाली आले. इतके दिवस ते वर होते हे तिला ते उतरल्यावर कळलं.

"माकाय तसाच वाटला," तो म्हणाला. हसला. "हरतलंय मी, आये." आणि खुर्चीच्या हाताला डोकं टेकून तो तिथेच बसून राहिला, ताप उतरलेल्या पोरासारखा.

तुळसाचा हात त्याच्या ओल्या पाठीवर होता. पाठ शांतपणे वरखाली होत होती.

बावीस वर्षं, दर बारीनंतर, महादू तिच्याकडे हेच मागायला घरी येत होता.