रुग्णाला घेऊन या

कॅज्युअल्टीतला फोन वाजला तेव्हा सिस्टर प्रियदर्शनी एका मोटारसायकलवाल्याच्या ढोपराला पट्टी बांधत होती. पट्टी तशीच अर्धी सोडून ती धावली.

फोनशेजारच्या भिंतीवर व्यवस्थापनाचा कागद चिकटवलेला होता. फोनवर सल्ला द्यायचा नाही. कुणी काहीही विचारो, एकच वाक्य बोलायचं: रुग्णाला घेऊन या. फोनवरच्या सल्ल्याची फी कुणी देत नाही, पण काही चुकलं की नोटीस मात्र दवाखान्याच्या नावानं येते. त्यातून उद्यापासून हा फोनच विश्रामबागेतल्या या दवाखान्यात राहणार नव्हता. पुण्याच्या कुठल्याशा कंपनीला तो स्वस्तात दिला होता, आता तिथली पोरं हे वाक्य म्हणणार होती.

"नमस्कार मॅडम. आमच्या शेजारच्या बाईंच्या पायांना सूज आलेली आहे."

बोलणं जपून, शुद्ध, रेडिओवर बातम्या द्याव्यात तसं.

प्रियदर्शनीनं डोळे मिटले. या शेजारणीला आजवर काय काय झालं नव्हतं! कधी गुडघा, कधी कानात दडा, कधी नुसतीच उचकी. तिकडे शिराळ्यात जेवून प्रियदर्शनीचे वडील आण्णा आडवे झाले की पारूबाई दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवरून फोन करायची आणि पोटच्या लेकीला मॅडम म्हणायची. फरदीनशी लग्न केल्यापासून त्या घरात प्रियदर्शनीचं नाव काढायला बंदी होती. पारूबाई काढत नव्हती. मोठी आज्ञाधारक बाई.

पण सूज? ही खरी की तीही फोनसाठी काढलेल्या शेजारणीचीच? कधीपासून आहे, चालताना दम लागतो का, एवढं तरी विचारावं असं तिला फार वाटलं. समोरच डॉक्टर जयराज बसले होते आणि फोनवरचं सगळं रेकॉर्ड होत होतं.

"फोनवर सल्ला देत नाही बाई. रुग्णाला घेऊन या."

"हो, हो. माहिती आहे. बरं, तुमचं जेवण झालं का मॅडम?"

"झालं."

"काय खाल्लं?"

"भाकरी आणि घेवडा."

"बरं झालं. ठेवते मग."

एरवी एवढंच असायचं, आणि एवढ्यावर दोघींचा दिवस निघायचा.

"थांबा," प्रियदर्शनी म्हणाली. "उद्यापासून हा फोन मी उचलणार नाही. नंबर पुण्याला चाललाय. दुसरंच कुणीतरी बोलेल."

 पलीकडचं ते शुद्ध बोलणं गळून पडलं.

"आन मग मी कुनाला इचारू गं, जेवलीस का म्हनून?"

 प्रियदर्शनीला आई हवी होती. फोनवर नको, इथं, समोर, हाताला लागेल अशी. तिनं भिंतीवरच्या कागदाकडं बघितलं.

"रुग्णाला घेऊन या," ती म्हणाली.

"आगं, आण्णा न्हाई सोडायचं."

"रुग्णाला घेऊन या." या वेळी तिचा आवाज चिरकला.

"कवा असतीस तू?"

"सकाळपाळी आहे. दोनपर्यंत."

"पाय माजंच सुजल्यात गं," पारूबाई हळूच म्हणाली. मग जरा मोठ्यानं, "उद्या पयल्या एसटीनं येते. आण्णास्नी सांगूनच येते. प्रियदर्शनीकडं चालले म्हनून सांगते. नाव घिऊन सांगते."

फोन ठेवला तरी प्रियदर्शनीचा हात तिथंच राहिला. डॉक्टरांनी मान वर केली.

"सिस्टर, सल्ला तर नाही ना दिलात?"

"नाही सर," डोळे पुसत ती म्हणाली. "नुसतं या म्हटलं."